अर्धी गाडी, अख्खा मालक

साडूनं आणि मी मिळून एक सेकंडहँड गाडी घेतली. पैसे निम्मे-निम्मे. गाडी उभी त्याच्या सोसायटीत, कारण आमच्या वाड्यात सायकल लावायची तरी घरमालकाचा मूड बघावा लागतो. आरसीवर नाव कुणाचं, एवढाच प्रश्न होता. नात्यानं थोरला म्हणून तो मान मी मागून घेतला. साडू एका झटक्यात ‘हो’ म्हणाला. शहाण्याला तिथंच संशय आला असता. मी पेढे आणले.

पहिलं ई-चलान आलं तेव्हा मी बँकेच्या रांगेत होतो. फोटोत सिग्नल लाल, नंबरप्लेट लख्ख आणि खिडकीतून बाहेर आलेलं कोपर साडूचं. दंड अर्थातच माझ्या मोबाइलवर. पुढे त्यानं एका स्कूटरवाल्याला ‘हलकेच’ धक्का दिला. त्या हलक्या धक्क्यानं बिचाऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या दारात आली. अपघाताच्या वेळी मी घरी बनियनवर शेंगा सोलत बसलो होतो. नोटिशीत सामनेवाल्यांमध्ये मीही होतो.

वकिलांनी शांतपणे सांगितलं, ‘‘मोटार वाहन कायदा, १९८८. कलम २, पोटकलम ३०. ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक.’’

‘‘पण निम्मे पैसे त्याचे आहेत!’’

‘‘कोर्ट आरसी बघतं, तुमची हिशेबाची वही नाही.’’

मग त्यांनी २०१८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऐकवला. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार. तिथं मूळ मालकानं गाडी केव्हाच विकली होती, ती पुढे आणखी हात बदलत गेली, पण आरसीवर नाव त्याचंच राहिलं. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. विकून मोकळा झालेला माणूस सुटला नाही, तिथं मी तर पेढे वाटलेला मालक.

‘‘बेदरकार चालवल्याचा गुन्हा चालवणाऱ्याचा,’’ वकील म्हणाले, ‘‘भरपाई मात्र मालकाच्याही गळ्यात. विमा चालू आहे, तर कंपनी भरेल. फक्त साडूंचं लायसन्स चालू होतं ना? नसेल तर कंपनीनं आधी भरावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असे आदेश होतात.’’

बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याकडे लायसन्स मागायचं कसं? मी दिवाळीच्या फराळाला मागितलं. साडूची चकली हवेत थांबली. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की कोर्ट परवडलं.

‘‘त्यांच्यावर संशय घेताय?’’

‘‘संशय नाही गं, कलम ५. विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देता येत नाही.’’

लायसन्स चालू निघालं. मी सुटकेचा निःश्वास टाकतो, तोच बारावीतला भाचा किल्ली बोटावर फिरवत आला. ‘‘काका, फक्त सोसायटीत एक चक्कर?’’

कलम १९९अ मला तोंडपाठ होतं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. मी किल्लीवर झडप घातली. किल्ली हाती आली, पण चिवड्याचं ताट सासूबाईंच्या पैठणीवर गेलं. या नुकसानीला कुठलाच विमा नाही.

शेवटी फॉर्म २९ आणि ३० भरून, कायद्याच्या झेरॉक्सांसह मी साडूकडे गेलो. म्हटलं, गाडी तुमच्या नावावर करू. त्यानं झेरॉक्स आस्थेनं वाचल्या, दोन ठिकाणी पेन्सिलीनं खुणाही केल्या.

‘‘नको, दादा. केवढी जबाबदारी आहे ही! माझ्यासारख्याचं काम नाही. आणि हो, पीयूसी संपलीय. मालक म्हणून तेवढं बघा.’’

येत्या रविवारी तो सहकुटुंब महाबळेश्वरला निघालाय. पसरणी घाटात स्टिअरिंग त्याच्या हाती असणार, म्हणून मीही जायचा हट्ट धरला. नोंदणीकृत मालकाला मागच्या सीटवर, भाचा आणि इडलीचा डबा यांच्या मधली जागा मंजूर झाली आहे.