थंडीचा चाकरमानी

कोकणातला चाकरमानी पूर्वी वर्षातून दोनदा गावी यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. मे महिन्यातली आंबे-फणसांची फेरी धरली तर अडीचदा. अलीकडे त्यांच्यात एक नवी जात निघाली आहे. ही मंडळी डिसेंबरच्या शेवटी येतात. ना देवासाठी, ना आंब्यासाठी. थंडीसाठी येतात आणि येताना सायकल आणतात.

दाभोळात या जातीचा जो नमुना उतरतो त्याला सगळे भाऊ म्हणतात. पुण्यात नोकरी, चाळिशी उलटलेली, पोट आत घेऊन फोटो काढण्याची सवय. आता कुणी म्हणेल, थंडी हवी तर पुणं काय वाईट? पुण्यात दाभोळपेक्षा कितीतरी जास्त थंडी पडते. पण तिथे ती सगळ्यांनाच मिळते. दाभोळात ती एकट्या भाऊंना वाजते, आणि त्यातच सगळी मजा आहे.

तसा या गावाचा आणि बर्फाचा संबंध भाऊंच्या आधीचा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी घोडा विकायला या देशात आला आणि परतीचं जहाज त्याने दाभोळच्या बंदरातून धरलं. तो त्वेर गावचा. तिथे हिवाळ्यात व्होल्गा गोठते. चौलला उतरल्यावर इथले लोक उघडेच हिंडतात, हे त्याने आवर्जून लिहून ठेवलं आहे. त्याच किनाऱ्यावर पहाटे साडेपाचला भाऊ माकडटोपी, तिच्यावर हेल्मेट, थर्मल, वर स्वेटर, वर वाऱ्याचं जाकीट आणि जाड हातमोजे असे बाहेर पडतात, तेव्हा ओटीवर बनियनवर बसलेले काका कोरा चहा फुंकत विचारतात, "रे, ताप आहे काय अंगात?"

भाऊ फोन पुढे करतात. "काका, नऊ अंश!"

ते नऊ अंश दापोलीचे असतात. दापोली आठशे फुटांवर. तिथल्या कोकण कृषी विद्यापीठात तापमानाची नोंद होते आणि 'दापोली गारठली' अशी बातमी वर्तमानपत्रात येते. दाभोळ त्याच तालुक्यात, पण खाली, वाशिष्ठीच्या मुखाशी. शेजारी समुद्र असल्यावर पारा फार उतरत नाही. भाऊंना हा तपशील मंजूर नाही. एकाचं दुसऱ्याच्या नावावर लावण्यात आमच्या गावाला नवीन काही नाही म्हणा. एन्रॉनचा 'दाभोळ' वीजप्रकल्प उभा राहिला तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात. जमीन त्यांची, चिमणी त्यांची, जगभर गाजलं मात्र दाभोळ.

सायकल हा स्वतंत्र विषय आहे. तिला फॅटबाइक म्हणतात. टायर चार इंच रुंद, हवा इतकी कमी की बोटाने दाबला तर आत जातो. असल्या सायकली मुळात अलास्कात रुजल्या. तिथे 1987 पासून बर्फावरून सायकलच्या शर्यती भरायला लागल्या. साधं चाक बर्फात रुतायचं, म्हणून लोकांनी दोन-दोन रिमा जोडून चाक रुंद केलं. पुढे कंपन्यांनी तसंच बनवून विकायला काढलं. वजन सतरा-अठरा किलो. ती भाऊंनी घेतली, कारण दुकानदाराने "बर्फातही चालते" असं सांगितलं आणि भाऊंनी त्यातला 'ही' ऐकलाच नाही.

आता डांबरी रस्त्याने कोळथऱ्याकडे जायला कुणाची ना नाही. दापोलीत सायकलवाल्यांचा चांगला क्लब आहे, ती मंडळी याच रस्त्यांवरून हसतखेळत हिंडतात. पण डांबर भाऊंना कमीपणाचं वाटतं. त्यांना 'ऑफरोड' लागतं. आमच्याकडे ऑफरोड म्हणजे आधी पाखाडी. जांभ्याच्या या पायऱ्या बांधणाऱ्याने माणसाचा, गुराचा आणि पालखीचा विचार केला होता, सायकलीचा नाही. तेव्हा पहिला अर्धा तास सायकल भाऊंच्या खांद्यावर असते. पुढे कुणाच्या तरी कलमांच्या बागेचं बेडं येतं. तिथे सायकल आधी पलीकडे उतरवायची, मग स्वतः उतरायचं. मग सडा लागतो, आणि इथे खरं सांगायचं तर भाऊंचा हेवा वाटतो. उघडा कातळ, गुडघाभर पिवळं गवत, खाली धुक्यात बुडालेली खाडी आणि गुरांनी पाडलेली बारीक वाट. त्या वाटेवर ती चारइंची चाकं खरोखर सुरेख चालतात. मी स्वतः पाहिलं आहे. भाऊंच्या चेहऱ्यावर त्या वेळी फोटोसाठीचं हसू नसतं.

ते फार टिकत नाही, कारण कुसळं. पौषातल्या वाळक्या गवतातून लोकरी थर्मल घालून जाणं म्हणजे कुसळांना घरी बोलावणं. प्रत्येक कुसळ आत शिरताना मान वळवून आणखी आत जातं. भाऊ उतरतात, कातळावर बसतात आणि एकेक उपटू लागतात. तेवढ्यात बागायतदार वरून येतो.

"किती झाली आज?"

"नऊ!"

"वा, मोहर फुटणार."

थंडीचा खरा हिशेब ठेवतात ते हे लोक. हापूसला मोहर यायला थंडी हवी. पण मोहर येऊन बारीक कणी धरल्यावर थंडी रेंगाळली, की झाड पुन्हा मोहर काढतं आणि आधीची कणी गळून पडते. ढग आले तर तुडतुडा. म्हणजे थंडी हवी, पण वेळेवर यावी आणि वेळेवर जावी. भाऊंना यातलं काही ठाऊक नसतं. ते उत्साहाने म्हणतात, "अजून उतरायला पाहिजे! सहा-पाच झाली तर काय धमाल येईल!" बागायतदार त्यांच्याकडे बघतो, फवारणीचा पंप पाठीवर सरळ करतो आणि काही न बोलता निघून जातो.

नऊ वाजता ऊन येतं. कोकणातलं ऊन डिसेंबरातही तोंडदेखलं नसतं, आणि जांभा तापायला वेळ लावत नाही. जाकीट उतरतं, हँडलला लटकतं. मग स्वेटर. मग हातमोजे, माकडटोपी. साडेनऊला ती सायकल दांडीवर वाळत घातलेल्या धुण्यासारखी दिसते. थर्मल मात्र काढता येत नाही, कारण गाव आलेलं असतं. आतली ओल बाहेरून कळू नये म्हणून भाऊ भराभर पायडल मारतात, त्याने आणखी घाम येतो.

वाटेत प्रत्येक वाडीत एकच प्रश्न. आमच्याकडे चांगल्या घरचा माणूस कारणाशिवाय दमत नाही. तो चालताना दिसला की शुगर, सायकलवर दिसला की जास्त शुगर. "कधीपासून आहे?" "गोळी की इंजेक्शन?" एकीने तर जांभळाच्या बियांची पूड पुडीत बांधून हातात दिली. भाऊ आधी फिटनेस समजावतात, मग ॲप दाखवतात, त्यातला नकाशा दाखवतात. सगळे मान डोलावतात आणि सहानुभूती वाढते.

शेवटी जेटी. 2003 साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि गुहागरला जायचा मोठा वळसा वाचला. पलीकडे वडापाव खाऊन परत यायचं, असा भाऊंचा नेम. एके दिवशी बोटीत मासेवाली मावशी टोपली घेऊन बसली होती. तिने टायर बोटाने दाबून पाहिला.

"पेट्रोल किती खाते ही?"

"पेट्रोल नाही मावशी. पायाने मारायची."

"अगो बाय! एवढी जड? कशाला रे बाबा?"

भाऊ तोंड उघडणार होते. अलास्का, बर्फ, नऊ अंश, सगळं ओठांवर आलं होतं. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, तो त्यांनी माकडटोपीने पुसला.

"शुगर आहे," ते म्हणाले.

मावशीने टोपली बाजूला सरकवून जागा केली. "बस. किती निघाली?"

"एकशे ऐंशी."

"जेवणाआधी की नंतर?"