एखादा पास आहे का?

मुंबईत आंतरराष्ट्रीय सामना जाहीर झाला की लोक तिकीट शोधत नाहीत, माणूस शोधतात. कुणाचा मेहुणा पोलिसात आहे, कुणाची वहिनी मंत्रालयात आहे, कुणाचे सासरे तरुणपणी आझाद मैदानावरच्या कुठल्याशा क्लबातून लेगस्पिन टाकायचे, अशी सगळी वंशावळ एका संध्याकाळी उजळून निघते. एरवी लग्नाचं आमंत्रणही व्हॉट्सअॅपवर उरकणारा चुलतभाऊ चक्क फोन करतो. आधी काकूच्या गुडघ्यांची चौकशी, मग पावसाची, आणि मग सहज सुचल्यासारखं, "बाकी, वानखेडेचा एखादा पास आहे का?" एक म्हणायचं ते लाजेखातर. लागतात चार.

या शहरात हे असंच चालायचं, कारण वानखेडे स्टेडियम उभं राहिलं तेच मुळी तिकिटांच्या भांडणातून. पूर्वी कसोटी सामने ब्रेबर्नवर व्हायचे. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने भरवणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. कुणाच्या वाट्याला किती जागा, यावरून दोघांचं वर्षानुवर्षं वाजत होतं. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर स्वतःचंच स्टेडियम बांधायला काढलं आणि वर्षभराच्या आसपास बांधूनही दाखवलं. ते तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांना पास कमी पडत असतील, तर तुमची-आमची काय कथा! जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 धावा काढल्या, त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी बदडलं आणि त्यावरून स्टेडियममध्ये दंगल उसळली. म्हणजे जागांवरून तंटा आणि प्रेक्षकाला प्रसाद, या दोन्ही परंपरा थेट पायाभरणीपासूनच्या. गंमत अशी की त्या भांडणात एक पक्ष क्लबाचा होता, दुसरा असोसिएशनचा. खिडकीसमोर पैसे घेऊन उभा असलेला माणूस तेव्हाही कुणाच्या पक्षात नव्हता.

2011 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. नूतनीकरणानंतर वानखेडेवर साधारण 33,000 माणसं मावत होती. त्यांतली सर्वसामान्यांना विकण्यासाठी तिकिटं किती? सुमारे 4,000. बाकीच्या पंगतीत आधी मानकरी बसले: आयसीसी, प्रायोजक, असोसिएशनचे संलग्न क्लब, सरकारी खाती. वाढपी आपल्यापर्यंत पोचला तेव्हा पातेल्यात नुसता पळीचा आवाज. आता क्लबांना वाटा मिळू नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. पावसाळ्यात कांगा लीगच्या चिखलात ज्यांनी विकेटा सांभाळल्या, मुंबईला खेळाडू पुरवले, त्यांचा हक्क माझ्याआधीचा. पण त्या वाट्यातले पास हिंडत हिंडत शेवटी क्रिकेटमधलं ओ की ठो न कळणाऱ्याच्या खिशात कसे पोचतात, हे मला उमगलेलं नाही. आणि त्या रात्री धोनीचा षटकार प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगणारे इतके लोक मला भेटले आहेत, की तेवढ्यांसाठी वानखेडेवर आणखी तीन मजले चढवावे लागतील.

जुन्या रांगांबद्दल लोक हल्ली फार प्रेमाने बोलतात. मला त्या प्रेमात पडता येत नाही. त्याच विश्वचषकात भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी बेंगळुरूमध्ये चिन्नास्वामीबाहेर रात्रभर थांबलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. 2022 मध्ये हैदराबादला जिमखाना मैदानावर तिकिटांसाठी चेंगराचेंगरी होऊन माणसं जखमी झाली. खेळ बघण्यासाठी कुणी हाडं मोडून घेऊ नयेत.

म्हणून ऑनलाइन रांग आली. ती अहिंसक आहे, एवढं मान्य केलं पाहिजे. घरातले सगळे फोन आणि लॅपटॉप चार्ज करून सकाळी कुटुंब सत्यनारायणाला बसल्यासारखं बसतं. पडद्यावर एक गोल फिरू लागतो. मग कळतं की रांगेत आपल्यापुढे लाखभर माणसं आहेत. पण त्यांतलं एकही दिसत नाही! "ओ काका, लाइन मागून आहे," असं कुणाला म्हणावं? "जरा जागा धरा, चहा घेऊन येतो," असं कुणाला सांगावं? चुकून आपला नंबर लागलाच, तर खुर्ची निवडली जाते, पैसे कापले जातात आणि बँकेचा ओटीपी सगळं आटोपल्यावर डुलत डुलत येतो. तिकीट नाही. पैसे पाच ते सात कामकाजी दिवसांत परत. त्या दिवसांतही माणूस उगाच आशा धरून असतो.

2023 च्या विश्वचषकात तर वेळापत्रकच स्पर्धेला 100 दिवस उरले असताना हाती पडलं, आणि पुढे त्यातल्याही नऊ सामन्यांच्या तारखा बदलल्या. भारत-पाकिस्तान सामना 15 ऑक्टोबरचा 14 ला आला. अहमदाबादची हॉटेलं आधीच पकडून ठेवलेल्या हुशार माणसांचे चेहरे मला पाहायचे होते. त्यात मोबाइलवरचं तिकीट गेटवर चालणार नव्हतं, छापील हवं होतं. म्हणजे पडद्यावरची रांग संपली की पायांवरची सुरू. भारतीय क्रिकेट मंडळाने याच सुमारास अमिताभ बच्चन आणि रजनीकांत यांना सन्मानाने सोनेरी तिकिटं दिली. या दोघांना फाटकावर कुणी अडवील, ही भीती मंडळाला का वाटली असावी? आणि 5 ऑक्टोबरला इंग्लंड-न्यूझीलंड सामन्याने स्पर्धा सुरू झाली, तेव्हा अहमदाबादच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये खुर्च्याच खुर्च्या दिसत होत्या. टीव्हीसमोर बसून आम्ही घरच्यांनी त्यांतल्या चांगल्या चांगल्या निवडल्यासुद्धा.

आमच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांना दर सामन्याचे चार पास घरपोच येतात. कुठून येतात, ते ते सांगत नाहीत. क्रिकेटची त्यांना आवड नाही, पण नकार देणं बरं दिसत नाही म्हणून जातात. मागच्या खेपेला त्यांनी मला मुद्दाम बोलावून विचारलं, की कुठल्या स्टेशनवर उतरायचं, ऊन कुठल्या बाजूला येतं. मी सगळं सांगितलं. पाण्याची बाटली नेऊ नका, पॉवर बँक नेऊ नका, सुट्टी नाणीसुद्धा काढून घेतात, पहिल्या ओव्हरच्या तासभर आधी पोचा. चौघांतल्या एखाद्याला ऐनवेळी ताप यावा, ही आशा मनात होतीच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं सगळं करायचं, तर तिथे जाहिराती तरी नसतात ना?"