झोपेचा साक्षीदार

झोपेच्या खटल्यात साक्षीदार एकच, आणि घटनेच्या वेळी तोच झोपलेला! "रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो," असं काका सकाळी चहाबरोबर सांगतात, तेव्हा काकू काही बोलत नाहीत. फक्त बशी जरा जोरात ठेवतात.

मेलाटोनिन, मॅग्नेशियम, अश्वगंधा, तगर असल्या पूरक गोष्टींनी झोप सुधारते का, हे तपासणाऱ्यांनाही शेवटी काकांनाच विचारावं लागतं. त्यासाठी पिट्सबर्गची १९८९ सालची प्रश्नावली जगभर वापरतात. एकोणीस प्रश्न, एकवीसपैकी गुण; पाचाच्या वर गेलात की झोप बिघडलेली. (जास्त गुण मिळवून नापास व्हायची सोय इथेच.) शेजारी झोपणाऱ्यासाठीही तिच्यात पाच प्रश्न आहेत, त्यात घोरण्याचाही आहे. पण ती उत्तरं गुणांत धरत नाहीत. म्हणजे काकूंची साक्ष नोंदवायची, निकाल मात्र काकांच्या जबानीवर!

मेलाटोनिनच्या चाचण्यांचा २०१३ साली एकत्र हिशेब मांडला, तेव्हा झोप सरासरी सातेक मिनिटं लवकर लागते असं निघालं. सात मिनिटं थोडी नाहीत; तेवढ्यात मुलीच्या लग्नाचा खर्च दोनदा मांडून होतो. पण डबीत मेलाटोनिन असायला तर हवं? २०२३ साली अमेरिकेत अशा पंचवीस चघळायच्या गोळ्या तपासल्या, त्यांत बावीसांच्या लेबलावरचा आकडा खरा नव्हता. एकीत तर मेलाटोनिन औषधालाही सापडलं नाही. तिच्यावरही कोणीतरी गाढ झोपलं असणार, याची मला खात्री आहे.

कारण खोट्या गोळीवरही माणसं झोपतात. अगदी टेकीला आल्यावरच माणूस चाचणीत नाव घालतो. तिथून थोडं बरं वाटणं आपसूकच येतं. शिवाय "काल झोप कशी लागली?" असं कोणीतरी नेमाने विचारतं आणि उत्तर लिहूनही घेतं. घरात एवढी विचारपूस फक्त जावयाची होते.

म्हणून खरी कुठली नि खोटी कुठली, हे ना देणाऱ्याला कळू द्यायचं ना घेणाऱ्याला. तगरीसारख्या उग्र मुळीशी इथे गाठ पडते. खोट्या गोळीलाही तसाच वास आणावा लागतो.

आत्याच्या उपायाची अशी परीक्षा कोणी घेऊन दाखवावी. ती तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासते, तळवे काळे पडले की म्हणते, "बघ, उष्णता निघाली." खोट्या उपायाला स्टीलची वाटी द्यावी, तर तळवे गोरेच राहणार आणि गुपित फुटणार. डोळे बांधून ते झाकलं, तरी वाटी फिरवणारी आत्या दोन्ही गटांना एकच लागेल. मग दोन्ही गट पाच मिनिटांत घोरू लागतील आणि अहवालात छापून येईल, "काशाच्या वाटीने विशेष फरक आढळला नाही."