अर्ध्या हजेरीचे स्नेही

मनुष्याच्या स्नेहसंबंधांची वर्गवारी करणाऱ्या पंडितांनी बालमित्र, शाळूसोबती, सहप्रवासी आणि सोयरिकीच्या ओघात पदरी पडलेले मित्र अशा नाना प्रकारांची दखल घेतली असली, तरी मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या गावात, चहाच्या हॉटेलाबाहेरील बाकावर, ज्यांचे दर्शन हटकून घडते त्या मस्टरमित्रांची नोंद त्यांच्या दफ्तरी कोठेही आढळत नाही. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर ज्यांची गाठ पडली आणि पुढे कोणत्याही उपायाने जी सुटली नाही, असे हे गृहस्थ दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. आमच्या आष्टीत मात्र त्यांची एक जोडी अद्याप सुस्थितीत आहे.

आष्टी म्हणताच बाहेरगावचा मनुष्य ‘बीडची का वर्ध्याची?’ असे विचारतो, आणि परतूर तालुक्यातली, असे उत्तर ऐकून किंचित हिरमुसतो. सोलापूरकडील आष्टीत १८१८ साली बापू गोखले धारातीर्थी पडले, वर्ध्याच्या आष्टीने १९४२ साली हुतात्मे दिले. आमच्या आष्टीच्या वाट्याला इतिहासाने असे काहीच ठेवले नाही. त्यामुळेच की काय, दोन माणसांचे एक भांडण गावाने पन्नासांहून अधिक वर्षे एखाद्या संस्थानासारखे सांभाळले आहे. भांडणाच्या एका पक्षास गाव गुरुजी म्हणते, दुसऱ्यास पाटील.

१९७२ साली पावसाने पाठ फिरवली, त्याच्या आधीची सालेही काही भरघोस नव्हती, आणि पुढील उन्हाळ्यात विहिरींचे तळ असे उघडे पडले की सावकार आणि ऋणको एकाच रांगेत टिकाव-फावडे घेऊन उभे राहिले. मे १९७३मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. एरवी परस्परांच्या ओसरीवर न चढणारे लोक तेथे मांडीला मांडी लावून खडी फोडीत, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीला नावे ठेवीत, आणि वाटपाची सुकडी मुठीमुठीने तोंडात टाकीत. पहिला पाऊस पडताच ही समता ओसरली, हे सांगावयास नकोच. मस्टरमित्र म्हणजे त्या समतेची ओसरावयाची राहून गेलेली बाकी.

गुरुजी तेव्हा गुरुजी नव्हते. परीक्षा देऊन सुटीत गावी आलेला, घरची परिस्थिती बेताची पण अक्षर मोत्यासारखे असलेला तो एक सडपातळ विद्यार्थी होता, आणि त्या अक्षराच्या बळावर रस्त्याच्या कामावर मस्टर लिहिण्याची दोन महिन्यांची चाकरी त्यास मिळाली होती. पाटील त्याच वयाचे. कोरडवाहू जमीन नजर पोचणार नाही एवढी, पण त्या साली तीत ढेकळांखेरीज दुसरे पीक नव्हते. ज्याच्या वडिलांनी यांच्या वडिलांच्या शेतात मजुरी केली त्या पोराने हातात फाउंटन पेन घेऊन ‘हजर?’ असे विचारावे आणि पाटलांनी ‘हजर’ म्हणावे, हा योग दुष्काळाखेरीज कोणत्याही पंचांगात येत नाही. पाटलांनी त्या पोरास पहिल्याच दिवशी ‘गुर्जी’ म्हटले. ते थट्टेने म्हटले की अदबीने, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

वादाचा विषय असा. मे महिन्यातील एका दिवशी जेवणाच्या सुटीनंतर पाटील जागेवर दिसले नाहीत, म्हणून गुरुजींनी त्यांच्या नावापुढे अर्धी हजेरी मांडली. बैल छावणीवर पोचवावयास पाटील निघून गेले असावेत, असा गुरुजींचा कयास. पाटलांची कैफियत निराळी आहे: ते कोठेही गेले नव्हते, खडीच्या ढिगाआड बाभळीच्या सावलीत झोपले होते. “गुर्जी, मी झोपलो व्हतो, पर कामावरच झोपलो व्हतो का न्हाई? तुमी हाजर का म्हून इचारता, जागा हाय का म्हून इचारत न्हाई.” या युक्तिवादाची ताकद कोणत्याही वकिलाने मान्य करावी अशी आहे. गुरुजी त्यावर चष्मा पुसतात आणि शांतपणे म्हणतात, “पाटील, हजेरी कामाची असते, देहाची नसते.” मग पाटील उजव्या हाताचा अंगठा पुढे करतात. त्यावर हातोडा बसून काळे पडलेले नख पुढे कधी नीट वाढलेच नाही; मधोमध दुभंगलेले ते नख आपण इमानाने खडी फोडल्याचा दस्तऐवज आहे, असे त्यांचे म्हणणे. डाव्या हातात धरलेल्या दगडावर मारलेला हातोडा उजव्या अंगठ्यास कसा लागला, असा उलटतपास गुरुजी घेतात, आणि दुसरा चहा मागवावा लागतो.

एवढ्या अवधीत सरकारने पुष्कळ काही केले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला; तत्पूर्वी १९७५ साली त्या खर्चासाठी व्यवसाय कर बसला होता, आणि गुरुजी तोवर शाळेत रुजू झालेले असल्यामुळे तो त्यांच्या वेतनातून दरमहा कापला जाऊ लागला. ‘तुमच्या मजुरीचे पैसे आता मीच भरतो’, असे गुरुजींनी पाटलांस ऐकवले. ‘मंग मही आर्धी हाजरी त्याच्यातूनच द्या’, अशी वसुलीची नोटीस तत्काळ बजावण्यात आली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, परतूर तालुका परभणीतून त्यात आला, आणि परभणी जिल्ह्यात जन्मलेली ही मैत्री, बाकावरून न हलता, दप्तरासह जालना जिल्ह्यात वर्ग झाली. गुरुजींच्या लग्नाची वरात पाटलांच्या बैलगाड्यांतून गेली, पाटलांच्या मुलांची अक्षरे गुरुजींनी वळवली, पाटलीणबाईंच्या आजारपणात गुरुजींनी दवाखान्याच्या ओट्यावर रात्री काढल्या. यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख दोघेही करीत नाहीत. उपकार बोलून दाखवणे त्यांना अशिष्ट वाटते. अर्धी हजेरी मात्र चारचौघांत काढता येते.

गुरुजींचा मुलगा बँकेत आहे. हिशेब मिटवणे हा त्याचा पेशा असल्यामुळे गेल्या दिवाळीत त्याने आपल्या परीने एक सत्कृत्य केले: अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर चक्रवाढ व्याज आकारून निघालेली रक्कम वर थोडी भर घालून पूर्णांकात आणली, आणि बाकावर दोघांच्या मध्ये नोटा ठेवून, “काका, आता संपलं ना?” असे विचारले.

दोघांचीही मुद्रा एकदम उतरली. प्रथम गुरुजी सावरले. रक्कम देणे म्हणजे मस्टरात कसूर झाल्याचा कबुलीजबाब होय, आणि असा जबाब आपण हयातीत देणार नाही, असे त्यांनी बजावले. पाटलांचा आक्षेप अधिक खोल होता. त्या कामावर टोळीने फोडलेली खडी ब्रासवर मोजली जाई आणि निघालेली मजुरी हजेरीच्या प्रमाणात वाटली जाई. म्हणजे त्यांची अर्धी हजेरी सरकारने नव्हे, टोळीतल्या बायामाणसांनी खाल्ली. “त्या म्हाताऱ्यांचं देणं तू कोण देणार? आन् बापाच्या मस्टरात खाडाखोड करायचा हुकूम तुला कोन्ही देला रं?” मुलगा नोटा उचलू लागला, तेव्हा गुरुजींनी त्यातली एक काढून घेतली, हॉटेलवाल्याची दिवाळीपर्यंतची उधारी चुकती केली, आणि उरलेली मोड मुलाच्या हातावर ठेवून त्यास घरी पिटाळले.

तो वळणाआड गेल्यावर पाटलांनी चहा बशीत ओतला. “तर काय सांगत व्हतो गुर्जी, त्या दिशी बाभळीची सावली पूर्वेकडं पडली व्हती...”

“थांबा,” गुरुजी म्हणाले, “किती वाजता?”