तुझ्याकडे कॅमेरा आहेच ना?

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये क्वालिटीला असलेला पोरगा. साहेब त्याला केबिनमध्ये बोलावतात, बसायला सांगतात, चहा मागवतात. चहा आला की ओळखावं, काम पगाराबाहेरचं आहे.

‘मोशीच्या प्रदर्शनात स्टॉल घेतलाय. कॅटलॉग करायचाय. चाळीसेक पार्ट आहेत. तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहेच ना?’

आहेच की. तुमच्याकडेही सीएनसी आहेच. म्हणून शेजारच्या शेडचं जॉबवर्क फुकट करून देता का?

पोरगा असं काही बोलत नाही. तो म्हणतो, ‘करू की सर.’ पैशांचा विषय निघालाच तर म्हणतो, ‘तुम्ही द्याल ते.’ मग साहेब देतात ते. नाशिक रोडच्या हॉटेलात रविवारची थाळी.

गंमत बघा. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज, अलीकडे चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगन. एवढ्या वर्षांत या पट्ट्यानं एक विद्या मात्र कोळून प्यायली. कॉस्टिंग. सेटिंग टाइम वेगळा, सायकल टाइम वेगळा, मशीनचा ताशी दर वेगळा. इन्सर्टची धार किती नगांनंतर जाते हे ऑपरेटरला झोपेतून उठवून विचारा. घाटात ट्रक अडकला तर त्याचाही खर्च कोणाच्या तरी माथी पडतो.

फक्त कॅमेरा म्हटलं की सगळ्यांचं गणित बंद.

कॅमेऱ्यालाही आयुष्य असतं हो. शटर किती क्लिक टिकेल याचा अंदाज बऱ्याच मॉडेलना कंपनीच देते, साधारण लाखाच्या घरातला. म्हणजे तेही टूल लाइफच. पण ते धरायचं कोणी? इन्सर्ट कंपनीचा असतो, शटर पोराचं.

बरं, निदान तासांचा हिशेब तरी करू. चाळीस पार्ट, प्रत्येकाचे तीन अँगल, म्हणजे १२० फोटो. पार्ट पुसून, मांडून, लाइट जुळवून फोटो काढायला एका पार्टमागे पाव तास धरला तर झाले १० तास. प्रत्येक फोटोची पार्श्वभूमी पांढरी करायची, डाग-ओरखडे काढायचे, त्याला १० मिनिटं धरली तर झाले २० तास. एकूण ३०. पगार ३० हजार असेल आणि महिन्याचे २०८ तास, तर ताशी सुमारे १४४ रुपये. १९४८च्या कारखाना कायद्यानं कामगाराच्या ओव्हरटाइमला दुप्पट दर ठरवला होता. तोच लावला तरी बिल साडेआठ हजारांच्या वर जातं. यात कॅमेरा नाही, लाइट नाही, सॉफ्टवेअर नाही, नफा तर नाहीच.

थाळी केवढ्याची होती?

आता कोणी म्हणेल, फोटोत एवढं काय आहे, पार्ट काय हलतो थोडाच. हे बोलणाऱ्यानं ग्राइंडिंग केलेल्या शाफ्टचा फोटो काढून बघावा. शाफ्ट दिसत नाही. शाफ्टमध्ये ट्यूबलाइट दिसते, पंखा दिसतो आणि कॅमेरा धरलेला मनुष्य पोटासकट दिसतो. ते घालवायला चहूबाजूंनी ट्रेसिंग पेपर लावून प्रकाश मऊ करावा लागतो. गंज धरू नये म्हणून लावलेलं तेल पुसावं लागतं, पुसलेल्या पार्टला उघड्या बोटानं शिवता येत नाही, आणि फोटो झाले की पुन्हा तेल. बारीक पार्ट असला तर पुढची कड स्पष्ट येते आणि मागचे आटे धुरकट. मग एकेका जागी फोकस धरून चार-सहा फोटो काढायचे आणि जोडायचे. वरच्या १० मिनिटांत हे कुठेच धरलेलं नव्हतं. हे सगळं कुठे? तर पॅकिंगच्या टेबलावर, शेजारी प्रेस धडधडतोय, प्रत्येक ठोक्याला ट्रायपॉड थरथरतोय.

‘मग मोबाइलनं काढ ना!’

काढतो. तेवढं इन्स्पेक्शनही व्हर्निअरऐवजी शाळेतल्या फूटपट्टीनं करू या, चालेल?

मग रेट सांगायचा किती? साहेबांचाच नियम लावावा. परचेसमध्ये तीन कोटेशन आल्याशिवाय झाडूसुद्धा येत नाही. चिंचवड-निगडीतल्या तीन स्टुडिओंना फोन करावा, चाळीस पार्टांचा भाव विचारावा. पहिला आकडा ऐकूनच पोरगा खुर्चीत सरळ बसतो. दुसऱ्याला तो स्वतःचा रेट वाढवतो. तिसरा फोन साहेबांनी करावा हे उत्तम.

‘पहिलं काम आहे, ओळख म्हणून स्वस्तात कर’ हा सल्ला देणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. या काकांनी कधी परचेस खात्यात नोकरी केलेली नसते. तिथे मागच्या ऑर्डरचा भाव सिस्टीममध्ये कोरलेला असतो. पुढच्या वर्षी तो वाढवून मिळत नाही, उलट ‘आता हात बसला असेल, पाच टक्के कमी कर’ असं ऐकायला मिळतं. साहेबांनाही मोठ्या कंपनीकडून दरवर्षी हेच ऐकावं लागतं. त्यांना ते अन्याय वाटतं. बरोबरच आहे.

नुसते तास मोजूनही भागत नाही. १९७१ साली अमेरिकेत कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीनं नाइकेची ती बाकदार खूण काढून दिली. दर ताशी २ डॉलर, बिल ३५ डॉलर. तास चोख मोजले, खूण कुठे कुठे झळकणार ते कोणी मोजलं नाही. कंपनीनं १९८३ मध्ये तिला बोलावून शेअर दिले. भोसरीत दिवाळीला सोनपापडी देतात.

म्हणून आधी विचारावं, फोटो जाणार कुठे? फक्त कॅटलॉगमध्ये, की वेबसाइटवर, इंडियामार्टवर आणि हायवेच्या फ्लेक्सवरही? साहेब म्हणतील, ‘फोटो आमचाच ना, कुठेही लावू.’

इथे खरी मजा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ साहेबांच्या बाजूचं आहे. नोकरीचा भाग म्हणून काढलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. मोबदला देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणाऱ्याचा. म्हणजे पगारात काढला तरी कंपनीचा, पैसे देऊन काढला तरी कंपनीचा.

पण नेमणूकपत्रात फोटोग्राफीचा शब्द नाही, कॅमेरा पोराचा, दिवस सुट्टीचा आणि मोबदला शून्य, असं असेल तर? मग कायद्याचा मूळ नियम लागतो. ज्यानं फोटो काढला, मालकी त्याची. कॅटलॉग छापून झालाय, मोशीला स्टॉल लागलाय आणि फुकटात मिळवलेल्या १२० फोटोंवर क्वालिटीतला पोरगा हक्क सांगू शकतो.

हे वाचून एखादे साहेब आत्ताच पोराला केबिनमध्ये बोलावून खिशातून ५०० ची नोट काढतील. व्हाउचरवर सही घेऊन.