जुलै नसलेलं कपाट

पूर्वी सुतारकाम शिकायचं तर आधी मेस्त्रीचा चहा आणावा लागे. मग भुसा झाडायचा, मग मेस्त्री करवतीला कानस मारताना नुसतं बघत बसायचं. रंधा हाती येईस्तोवर मिसरूड फुटे, आणि रंध्यापाठोपाठ शिवीही येई. आता मोबाइल खिळ्यांच्या डब्याला टेकवला की पॉल सेलर्स नावाचे इंग्रज गृहस्थ आजोबांच्या मायेने डव्हटेलचा सांधा समजावून देतात. कितीदाही मागे न्या, चिडत नाहीत. ही सोय मी तरी कमी लेखणार नाही. आपल्याकडे ‘पुन्हा सांगा’ म्हणायची हिंमत कोणाची होती? अडचण एवढीच, की व्हिडिओ थांबवायची वेळ नेमकी दोन्ही हात फेव्हिकॉलने माखल्यावर येते. मग नाकाने पडदा दाबायचा, आणि नाक जाऊन पडतं जाहिरातीवर.

मापांचीही चैन आहे. मेस्त्रीच्या हिशेबात इंचाचे 8 सूत. डिजिटल कॅलिपर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. नवशिके तो आकडा भक्तिभावाने टिपून घेतात आणि बोथट पेन्सिलीने मिलिमीटरभर जाड रेघ मारतात.

आमच्या सोसायटीतल्या एका इंजिनीअरने स्केचअपमध्ये कपाट काढलं. माउसने ड्रॉवर असा सरकायचा की बघत राहावं. पण त्या चित्रात जुलै महिना नव्हता. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. म्हणून जाणता मेस्त्री दाराच्या चौकटीतली फळी खाचेत सुटी ठेवतो, चिकटवत नाही. मे महिन्यात अगदी चपखल बसलेला तो ड्रॉवर पावसाळ्यात कपाटाला पाय लावून ओढावा लागे.

आणि रंध्याचा आवाज! लाकडाच्या शिरांच्या कलाने चालला तर सलग सुळसुळतो. उलटा लागला की खरखरतो, टवके उडवतो. मेस्त्रीला पाठमोरं बसूनही ते कळतं. “फळी फिरव,” एवढंच म्हणतो. मोबाइल हातभर अंतरावर असतो, पण आपलंच पुढचं सांगत राहतो.

इंजिनीअरने एका निवृत्त मेस्त्रींना सेलर्सचा व्हिडिओ दाखवला. ते बराच वेळ त्या इंग्रजाचे हातच न्याहाळत होते.

“माणूस कामाचा आहे,” ते म्हणाले. “पण साहेब, हा पटाशीला धार लावत होता, तेवढंच तुम्ही पुढं ढकललंत ना?”