बेअरिंग वाजतंय, रील गाजतंय

आमच्या कंपनीत मागच्या एप्रिलपासून कामगार शिकू लागले आहेत. त्याआधी ते नुसतंच काम करत होते, हे एचआरच्या मॅडमनी टाऊनहॉलमध्ये सांगितलं तेव्हा कळलं. मी मेन्टेनन्सला २६ वर्षं आहे. म्हणजे २६ वर्षं मी न शिकताच चाकणच्या या शेडमधली मशिनं चालू ठेवली आणि एकाही साहेबाच्या ते लक्षात आलं नाही. जरा लाजच वाटली.

मॅडमनी पडद्यावर तीन आकडे दाखवले. ७०, २०, १०. माणूस ७० टक्के कामातून शिकतो, २० टक्के इतरांकडून आणि १० टक्के वर्गात बसून. हे सूत्र अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेतल्या मंडळींचं, १९८०च्या दशकातलं. त्यांनी यशस्वी अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्ही कुठे शिकलात हो? त्यांनी आठवून आठवून सांगितलं. यशस्वी झालेला माणूस आपल्या मास्तरांना १० टक्क्यांवर आणून ठेवतो, हे आमच्या शाळेतल्या शिपायानंही सांगितलं असतं. ते असो. आमच्याकडे सूत्र थोड्या फरकानं लागू झालं. ७० टक्के पोस्ट टाकणं, २० टक्के दुसऱ्याच्या पोस्टला अंगठा देणं आणि राहिलेल्या १० टक्क्यांत उत्पादन.

परिपत्रक निघालं. प्रत्येकानं लिंक्डइनवर खातं उघडायचं, आठवड्याला दोन पोस्ट टाकायच्या, खाली कंपनीचा हॅशटॅग. शिकल्याचे तास पोर्टलवर चढणार, पुरावा म्हणून फोटो. महिन्याअखेर एकाला 'लर्निंग चॅम्पियन' म्हणून स्टीलची बाटली. बाटल्या स्टोअरला पडूनच होत्या, दिवाळीच्या उरलेल्या.

हे लिंक्डइन ५ मे २००३ला सुरू झालं आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टनं ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेतलं. जगभरचे 'कुठे काही असलं तर सांगा हो' एकत्र केले की किंमत एवढी होते. २०२४पासून ते मराठीतही आहे. मी लगेच मराठी लावून पाहिलं. बटणं मराठी झाली, माणसं इंग्रजीच राहिली. माझं खातं एचआरच्या एका इंटर्न पोरीनं उघडून दिलं. हुद्दा 'मेन्टेनन्स फोरमन' होता, तिनं 'रिलायबिलिटी इव्हँजेलिस्ट' केला. मुलाला अर्थ विचारला तर म्हणाला, धर्मप्रचारक. मशीन बंद पडू नये म्हणून आता मी तिच्यापुढे प्रवचन करायचं, असं मी समजून चाललो आहे.

खातं उघडल्याच्या आठवडाभरात मला न्यूमॅटिक्समध्ये सात जणांनी मान्यता दिली. या मान्यतेला एन्डॉर्समेंट म्हणतात, ती सोय तिथे २०१२पासून आहे. सातांपैकी एक बायकोचा मावसभाऊ, त्याचं कापडाचं दुकान आहे. हवेशी त्याचा संबंध दुकानातल्या पंख्यापुरता. मीही उपकार ठेवले नाहीत, त्याला 'स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग'मध्ये मान्यता देऊन टाकली. लग्नात आहेर परत करायची आपली पद्धतच आहे.

लिहायचं कसं हे मात्र मला जमेना. मग आमच्या प्लॅन्ट हेडसाहेबांच्या पोस्ट वाचल्या. एका ओळीचा एक परिच्छेद, असा तो प्रकार आहे.

आज तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो.

शेजारच्या टेम्पोचा ड्रायव्हर हसत होता.

मी काच खाली केली.

त्यानं मला नेतृत्वाबद्दल तीन गोष्टी शिकवल्या.

त्या ड्रायव्हरला मी ओळखतो, आमचाच माल नेतो. त्यानं साहेबांना 'गाडी पुढं घ्या' एवढंच सांगितलं होतं, आणि तीनदा सांगितलं होतं. पण पोस्टखाली दोनशे लोक भारावले होते. भारावलेल्यांत मीही होतो. अप्रेझल जूनमध्ये असतं.

ओळखीनं काम होतं, हे लिंक्डइननं शोधलेलं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ सालीच त्यावर निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं नोकरीची खबर दिली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. कारण उघड आहे. घरच्यांना जे माहीत ते आपल्याला माहीत असतंच, नवी खबर लांबचा आणतो. आपल्याकडे हा सिद्धांत 'साडूच्या चुलतभावाचा मित्र' या नावानं पूर्वापार चालत आलेला आहे. पुढे लिंक्डइनच्या २ कोटींवर लोकांना पाच वर्षं, त्यांना न सांगता, कमी-जास्त जवळच्या ओळखी सुचवून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात छापून आला. फार घट्टही नाही, फार तुटकही नाही, अशी मधली ओळख नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी. एखाद्या वधूवर सूचक मंडळानं लोकांना न विचारता पाच वर्षं असा प्रयोग केला असता, तर दुसऱ्या दिवशी मंडळाच्या काचा जाग्यावर राहिल्या नसत्या.

खरं सांगायचं तर, आमचं सोशल मीडिया शिक्षण या परिपत्रकाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. 'नाईट शिफ्ट' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. चाकण, भोसरी, रांजणगाव इथल्या वेगवेगळ्या कंपन्यांतले ३०-३५ फिटर आणि इलेक्ट्रिशियन. डीपी म्हणून एक काळवंडलेला काँटॅक्टर. तिथे कुणी सुप्रभात म्हणत नसे, कारण आमचा प्रभात झोपेत जातो. रात्री दोनला कुणीतरी ड्राइव्हवरच्या अलार्म कोडचा फोटो टाकायचा, दहा मिनिटांत कुणीतरी लिहायचं, 'फॅन जाम असेल, बघ'. एखादा स्पेअर अडला तर शेजारच्या कंपनीच्या गेटवरून उसना मिळायचा, सोमवारी परत. यात नियम मोडत होते की नाही, हे मी इथे लिहिणार नाही.

मॅडमना या ग्रुपचा सुगावा लागला. त्या रागावल्या नाहीत, खूश झाल्या, आणि तिथेच घात झाला. बाहेरच्यांना काढून ग्रुप अधिकृत झाला. नाव 'नॉलेज संगम'. व्हॉट्सॲप एका ग्रुपात १०२४ माणसं घेतं म्हणून अकाउंट्स, कॅन्टीन आणि सिक्युरिटीही आत आले. पहिल्या दिवशी नियमावली पडली, दुसऱ्या दिवशी प्लॅन्ट हेडसाहेब स्वतः सामील झाले. तिसऱ्या दिवसापासून तिथे फक्त वाढदिवस होतात. आपलं मशीन बंद पडलंय, असं साहेबांसमोर रात्री दोनला कोण लिहील? फिटर मंडळींनी नवा ग्रुप काढल्याचं ऐकतो. नाव 'भजनी मंडळ' ठेवलंय म्हणे.

आता मामांचं सांगतो. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने फिटर, मे महिन्यात रिटायर झाले. अॅप्रेंटिस पोरांना पहिल्या दिवशी ते बेअरिंग हातात द्यायचे. वर लिहिलेलं असतं ६२०५. 'शेवटचे दोन आकडे पाचनं गुण. झाले पंचवीस. आतलं भोक २५ मिलिमीटर. आता ६२०६ किती?' पोरगं ३० म्हणालं की शिक्षण पूर्ण, चहा त्याच्या खर्चानं. आणि बेअरिंग वाजायला लागलं, तर मामा लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक हाउसिंगला टेकवत आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटून ऐकत. बारीक शिट्टी म्हणजे ग्रीस सुकलंय. गुरगुर म्हणजे रेस खराब झाली, बदला. ठरावीक टक-टक म्हणजे एका जागी खड्डा पडलाय.

रिटायरमेंटच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, हे ज्ञान कंपनीत राहिलं पाहिजे. बोलणं शंभर टक्के खरं होतं. मामांचं रील काढलं, ३० सेकंदांचं. नवीन हेल्मेट, नवीन हातमोजे, मागे धुतलेलं मशीन. मामा म्हणाले, 'आता नीट ऐका हां, हा आवाज सुकलेल्याचा,' आणि ड्रायव्हर टेकवला.

त्या आवाजावर एडिटिंगमध्ये पियानो टाकला.

रील गाजलं. अकरा हजार लोकांनी पाहिलं. मॅडमचं 'लेगसी नॉलेज कॅप्चर' या विषयावर बाणेरच्या एका हॉटेलात भाषण झालं. मामांचं खातं नसल्यामुळे त्यांना टॅग करता आलं नाही.

गेल्या पंधरवड्यात रात्री पावणेतीनला तीन नंबर लाइनच्या ब्लोअरची मोटर वाजायला लागली. ड्यूटीवर मी आणि एक नवं पोरगं. माझे कान आता मोबाइलची रिंगही चुकवतात. पोरानं शिस्तीत पोर्टल उघडलं, मामांचं रील लावलं, दोनदा लावलं. पियानो छान होता. शेवटी मीच मामांना फोन लावला. ते गावी, माण तालुक्यात, ओसरीवर झोपलेले. पोरानं फोन मोटरजवळ धरला.

'काही ऐकू येत नाही रे. मोटर बंद आहे का?'

'चालू आहे मामा! बोंबलतीये!'

'मला फक्त तूच ऐकू येतोयस.'

हल्लीचे फोन मागचा गोंगाट आपणच गाळून टाकतात, हे मला तेव्हा उमगलं. मामांना नाही उमगलं, पण त्यांचं अडलं नाही.

'फोन ठेव खिशात, स्पीकर चालू ठेव. ड्रायव्हर घे. मूठ कानामागं. आता दोघंही गप्प बसा.'

पोरगं वाकलं. डोळे मिटले. मिनिटभर शेडमध्ये फक्त ब्लोअर.

'काय म्हणतंय?'

'शिट्टी मारतंय मामा. बारीक.'

'सुकलंय. निपलला दोन पंप ग्रीस दे. दोनच. जास्त दिलंस तर तापेल. गुरगुरलं असतं, तर बंद कर म्हणालो असतो.'

दोन पंप दिले, हळूहळू शिट्टी विरली. सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांना खरोखर आनंद झाला, त्यांनी लगेच पोराला फोटो मागितला. तो म्हणाला, 'नाही मॅडम, फोन खिशात होता.'

पोर्टलवर त्या रात्रीचे त्याचे शिकल्याचे तास शून्य लागलेत. माझा अर्धा धरलाय, फोन मी लावला होता म्हणून.